गुंठाभर हिरवळीला इंजिन कशाला?

बंगल्यापुढच्या लॉनसाठी मशीन घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानात इंजिन किती सीसीचे, मोटर किती वॅटची, बॅटरी किती व्होल्टची हे सगळे ऐकवले जाते. लॉन केवढी आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. खरे तर निम्मा निर्णय तिथेच होतो. पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या बंगल्यांच्या कॉलन्यांत घर, गाडीची जागा, पाण्याची टाकी आणि कडेची झाडे वजा केली की हिरवळीसाठी उरतो तो फार तर एक गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट किंवा सुमारे 101 चौरस मीटर. 14 इंची हातमशीनचा पट्टा 35 सेंटिमीटरचा. दोन पट्टे एकमेकांवर थोडे चढवावे लागतात, म्हणून कामाचे 30 धरू. म्हणजे पूर्ण लॉन कापायला 337 मीटर चालावे लागेल. 18 इंची पेट्रोल मशीनचे कामाचे 40 सेंटिमीटर धरले, तर तीच चाल 253 मीटर होते. फरक 84 मीटरचा. तेवढ्यासाठी इंजिन, टाकी, ऑइल, स्पार्क प्लग आणि हे सगळे ठेवायला एक कोपरा! माझे म्हणणे साधे आहे : लॉन सपाट असेल, गुंठ्याच्या आतबाहेर असेल आणि पावसाळ्यात आठवड्याला कापली जाणार असेल, तर नवे मशीन हाताने ढकलायचे, सिलिंडरचे घ्यावे.

हा जुन्या वस्तूंचा सोस नव्हे. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात, स्ट्राउडजवळ, एडविन बडिंग याने 1830 मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. तो लोकरी कापडाच्या गिरण्यांचा मुलूख. विणलेल्या कापडावरची लव सारखी छाटणारे यंत्र तिथे होतेच, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. आजच्या हातमशीनमध्येही तत्त्व तेच आहे. पिळाची पाच-सहा पाती फिरतात, खाली एक पाते स्थिर असते आणि गवत दोहोंच्या मध्ये कात्रीसारखे कापले जाते. पेट्रोल आणि विजेच्या बहुतेक घरगुती मशीनमध्ये मात्र तळाशी एकच आडवे पाते गरगर फिरते आणि केवळ वेगाच्या जोरावर गवत तोडते. पाते बोथट झाले की तोडण्याचे ओरबाडणे होते आणि दोन दिवसांत सगळ्या लॉनची टोके पांढुरकी-तपकिरी दिसू लागतात. मग पाणी कमी पडले म्हणून माळ्याला बोलणी बसतात.

या वेगाचा हिशेबही करून पाहावा. 46 सेंटिमीटरचे पाते मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर त्याचे टोक ताशी सुमारे 260 किलोमीटरने धावते. त्याखाली खडा आला की तो गोळीसारखा सुटतो. अमेरिकेत 30 जून 1982 नंतर बनलेल्या अशा मशीनवर कायद्याने अट आहे : दांड्यावरची पट्टी सोडली की पाते तीन सेकंदांच्या आत थांबले पाहिजे. आपल्याकडे पट्टी असली तरी हात दुखतो म्हणून ती सुतळीने दांड्याला बांधून टाकणे फारसे अवघड नाही. मशीन घेणारा एक आणि चालवणारा दुसरा, ही आपली रीत. घेणारा सीसी बघतो, चालवणाऱ्याच्या पायात चपला असतात.

पेट्रोलची खरी अडचण मात्र वापरात नाही, पडून राहण्यात आहे. दिवाळीनंतर थंडी पडते, हरळीची वाढ मंदावते आणि मशीन कोपऱ्यात जाते. टाकीत उरलेले पेट्रोल शिळे होते, कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर धरतो. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. पहिल्या पावसानंतर गवत तरारून येते, नेमके तेव्हाच दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो. आवाजाचे वेगळेच. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे, आणि पेट्रोल मशीनच्या दांड्यापाशी हा आकडा 90 च्या घरात असतो. धुराचा हिशेब कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने मांडला आहे. तिथले सर्वाधिक खपाचे व्यावसायिक लॉन मशीन तासभर चालवले, तर 2017 ची टोयोटा कॅमरी सुमारे 300 मैल चालवल्याइतके धुरके तयार करणारे वायू बाहेर पडतात. हा आकडा व्यावसायिक मशीनचा आहे आणि कार्बन डायऑक्साइडचा नाही, हे लक्षात ठेवून तो वापरावा. तरीही 2024 पासून अशी नवी छोटी इंजिने त्या राज्यात बंद का केली, याचे उत्तर त्यात आहे.

मग वीज? वायरच्या मशीनला आपला पाऊसच आडवा येतो. आपल्याकडे गवत सर्वांत जोमाने वाढते ते जून ते सप्टेंबर, आणि ओल्या गवतावर 230 व्होल्टची वायर ओढत फिरणे हा शहाणपणा नव्हे. मशीन आधीच घरात असेल, तर निदान त्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. बॅटरीच्या मशीनशी माझे भांडण नाही. ज्याला ढकलणे जमत नाही किंवा लॉन तीन-चार गुंठ्यांची आहे, त्याने तेच घ्यावे. फक्त खोक्यावरच्या व्होल्टला भुलू नये. ‘40 व्होल्ट मॅक्स’ म्हणजे प्रत्यक्ष कामात 36. त्याला अँपिअर-अवरने गुणावे : 4 असेल तर 144 वॅट-अवर. मोटर 600 वॅट खात असेल, तर ही बॅटरी पंधरा मिनिटांच्या आतच संपते. शिवाय उष्णतेत लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात तिला पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नये.

हातमशीनच्या मर्यादा मोठ्या आहेत आणि दुकानदार त्या सांगत नाही. गवत वीतभर वाढले की सिलिंडर ते कापत नाही, दाबून पुढे जातो. काड्या, खडे, खड्डे त्याला चालत नाहीत. नर्सरीत ‘कार्पेट’ म्हणून मिळणारे दाट, चिवट गवत वाढू दिले, तर मशीन जागच्या जागी अडते. मुळशी किंवा इगतपुरीकडच्या फार्महाउसवर महिन्यातून एकदा जाणाऱ्याने हे घेऊन पैसे वाया घालवू नयेत. तिथे ब्रश कटर किंवा पेट्रोल मशीनच हवे. पण शहरातली लॉन मोठी आहे म्हणून हातमशीन पुरत नसेल, तर मशीनआधी लॉनचा विचार व्हावा. उन्हाळ्यात दिवसाला 5 मिलिमीटर पाणी धरले, तरी एका गुंठ्याला रोज 500 लिटर लागतात. टँकरच्या गावात चार गुंठे हिरवळ राखणाऱ्याला मशीनचा सल्ला काय द्यायचा?

राहिला माळ्याच्या कष्टांचा आक्षेप, आणि तो सर्वांत वजनदार आहे. इंजिनाचे मशीन माळ्याचे श्रम वाचवते, असे म्हणतात. पण आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त पेट्रोल मशीनमध्ये इंजिन फक्त पाते फिरवते. चाके माणूसच ढकलतो. 25-30 किलोंचे धूड, त्यात थरथर आणि कानठळ्या. हातमशीन दहा किलोंच्या आसपास असते. मात्र ते बोथट असेल, तर तीच शिक्षा होते. म्हणून घेताना दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर फिरवून पाहू नये, तिथे सगळीच मशीन लोण्यासारखी पळतात. मशीन आडवे करावे, वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी (आजचा अंक वाचून झाला असेल तर तोही चालेल) स्थिर पात्यावर धरावी आणि सिलिंडर हाताने हळू फिरवावा. पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ कापली गेली, तर जुळणी बरोबर. मध्येच नुसती दुमडली, तर दोन्ही टोकांचे स्क्रू थोडे थोडे फिरवून पुन्हा पाहावे. स्क्रू गंजलेले असतील किंवा फिरतच नसतील, तर ते मशीन तिथेच ठेवून दुसरे मागावे. धार लावायला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट पात्यांना चोपडून सिलिंडर उलटा फिरवतात. गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात तिची डबी मिळते. दसऱ्याला मशीन पुसून हार घालायचाच असतो, तेव्हा हे काम उरकून घ्यावे. डबीचे पैसे आणि तो अर्धा तास मालकाचा, माळ्याचा नव्हे.