अ‍ॅप कुणाच्या फोनमध्ये टाकायचं?

मुलांच्या व्हिडिओ बघण्याला लगाम घालणारं ‘एक नंबर’ अ‍ॅप कोणतं? गेल्या महिनाभरात हा प्रश्न मला चार जणींनी विचारलाय. मास कॉम केलेल्या माणसाला वाय-फाय सुरू करण्यापासून खासदारांचा नंबर शोधून देण्यापर्यंत सगळं आलंच पाहिजे, असा आपल्याकडे समज आहे. पहिल्या तिघींना मी दोन-दोन नावं सांगून कटवलं. चौथी निघाली माझी सख्खी ताई. तिला कटवता येत नाही, बॉस!

ताई राहते कोल्हापुरात, कळंब्याला. (कळंबा म्हटलं की बाहेरच्यांना जेल आठवतं आणि आम्हाला तलाव. असो.) ती आणि दाजी दोघंही नोकरीवाले. भाचा पहिलीत. शाळेतून आल्यापासून ताई घरी येईपर्यंत तो तिच्या सासूबाईंकडे आणि सासूबाईंचा फोन त्याच्याकडे, असा सरळसाधा फंडा. गेल्या महिन्यात त्यांच्या फॅमिली ग्रुपवर कुणा काकांनी एक भुताचा व्हिडिओ ‘जरूर पाहा’ म्हणून ढकलला आणि भाच्यानं तो खरंच जरूर पाहिला. पुढचा आठवडाभर पठ्ठ्या एकटा बाथरूमला जाईना, रात्री लाइट बंद करू देईना. ताई सासूबाईंना काहीतरी बोलली. सासूबाई म्हणाल्या, ‘‘मग ह्या गुडघ्यांनी त्याच्यामागनं पळू का मी?’’ दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

‘‘मी सकाळी नवाला बाहेर पडतो, संध्याकाळी साताला येतो. त्याच्यावर लक्ष ठेवणारं एक अ‍ॅप दे, विषय संपला!’’ इति ताई. (आमच्याकडे बायकासुद्धा ‘जातो-येतो’च म्हणतात, पुण्या-मुंबईच्या वाचकांनी दचकू नये.) मग एक शनिवार मी सगळे ऑप्शन घेऊन बसले.

पहिला अर्थातच यूट्यूब किड्स. 2015 मध्ये अमेरिकेत आलं, 2016 मध्ये भारतात. फुकट आहे. चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ आणि नऊ ते बारा असे वयाचे तीन गट आहेत. बहुतेक आईबाप वय टाकतात आणि निवांत होतात. पण या गटांमधली निवड बरीचशी मशीन करतं आणि मशीनला कार्टून दिसतं, त्या कार्टूनचं काय चाललंय ते नेहमी कळतंच असं नाही. 2017 मध्ये ‘एल्सागेट’ नावानं गाजलेलं प्रकरण हेच होतं. ओळखीची कार्टून पात्रं आणि त्यांच्या तोंडी-हाती भलतेच भीतीदायक, किळसवाणे प्रकार. असे काही व्हिडिओ मुलांच्या अ‍ॅपमध्येही शिरले होते. त्यानंतर कंपनीनं चाळणी बारीक केली. तरीही माझं मत विचाराल तर वयाच्या गटाच्या भरवशावर न राहता ‘आम्ही मंजूर केलेलंच दाखव’ ही सेटिंग निवडा. त्यात सर्चही बंद होतो. यादी करायला एक संध्याकाळ जाते, पण आपलं मूल काय बघतं ते त्या निमित्तानं आपणही बघतो. भाच्याची फर्माईश होती जेसीबी, ट्रॅक्टर आणि परत जेसीबी.

आणखी एक. या अ‍ॅपच्या पालकांच्या कुलपाला बऱ्याचदा गुणाकाराचं गणित असतं. उत्तर दिलं की सेटिंग खुल्या! आमच्या सासूबाई रोज दिवेलागणीला नातवाकडून पाढे म्हणून घेतात. म्हणजे कुलूप किती दिवस टिकणार? त्यापेक्षा स्वतःचा चार आकडी कोड टाकलेला बरा.

दुसरा ऑप्शन गुगलचं फॅमिली लिंक. मुलाचं खातं आपल्या खात्याला जोडायचं, मग कोणतं अ‍ॅप किती वेळ, रात्री किती वाजता फोन बंद, नवं अ‍ॅप घ्यायला परवानगी, सगळं आपल्या फोनवरून. पाचवी-सहावीतल्या मुलाकडे स्वतःचा टॅब असेल तर डोळे झाकून हेच घ्या. पण सगळा हिशोब ‘मुलाचं स्वतःचं खातं, स्वतःचं यंत्र’ असा आहे. भाच्याकडे दोन्ही नाही. त्याच्याकडे आहे आज्जीचा फोन, ज्यावर तिची भजनं आहेत, भिशीचा ग्रुप आहे आणि गावाकडच्या बहिणीचे कॉल येतात.

तिसरी गर्दी पैसे भरून घ्यायच्या अ‍ॅप्सची. त्यातली बरीच लोकेशन, कॉल, मेसेज, ब्राउझर अशा कशाकशाची परवानगी मागतात. ताईला हे जाम आवडलं होतं. मी तिला एवढंच विचारलं, की हे आईंच्या फोनमध्ये टाकलं तर पाळत कुणावर राहणार? ताईनं यादीतून ती सगळी काटली.

शिवाय भुताचा व्हिडिओ व्हिडिओच्या अ‍ॅपवर आलाच नव्हता, तो आला ग्रुपवर. त्यामुळे मुलांच्या अ‍ॅपची चाळणी कितीही सॉल्लिड असली तरी तिथं ती काय करणार? मागं जाऊन दुसरं अ‍ॅप उघडता येणं, हीच खरी गडबड. त्यावरचा इलाज बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून असतो, पैसे न भरता. सेटिंगमध्ये सिक्युरिटीत जा, ‘अ‍ॅप पिनिंग’ किंवा ‘स्क्रीन पिनिंग’ शोधा, चालू करा आणि ‘अनपिन करण्याआधी पिन विचारा’ यावर टिक करा. मग जे अ‍ॅप पिन कराल त्यातून लॉकचा नंबर दिल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. आयफोनमध्ये याला ‘गाइडेड अ‍ॅक्सेस’ म्हणतात. उसन्या फोनवर बघणाऱ्या मुलासाठी माझं उत्तर हेच : मंजूर यादीवालं किड्स अ‍ॅप, तेही पिन करून.

गंमत म्हणजे सासूबाईंच्या फोनला लॉकच नव्हतं. दुपारी पॅटर्न लावला, संध्याकाळपर्यंत भाच्यानं तो काचेवरच्या बोटाच्या डागांवरून पाठ केला. मग नंबर ठेवला. आणि पिन करायचं काम रोज सासूबाईंनाच करायचं होतं, त्यामुळे त्यांना जमेल तीच पद्धत कामाची. त्यांनी दहा वेळा करून बघितलं आणि कॅलेंडरच्या मागं बॉलपेननं पायऱ्या लिहून ठेवल्या. ‘‘मला आधी कुणी दाखवलं असतं तर मी केलं नसतं का?’’ असं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. ऐकवलं ताईला.

टीव्हीचं थोडक्यात. 2021 च्या नियमांनुसार ओटीटीवाल्यांना वयाचे शिक्के द्यावे लागतात आणि यूए 13+ पासून पुढच्या गोष्टींना पॅरेंटल लॉकची सोय ठेवावी लागते. सोय वापरायची आपण! मुलाचं वेगळं प्रोफाइल काढलं पण दाजींच्या प्रोफाइलला पिन नाही, तर मूल एक बटण दाबून दाजी होतं.

आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावनं 2022 साली अ‍ॅप-बिप काही न घेता भोंगाच लावला. संध्याकाळी सातला वाजला की टीव्ही-मोबाइल बंद, साडेआठला वाजला की चालू. कोरोनातल्या ऑनलाइन शाळेनंतर पोरं मोबाइल सोडेनात म्हणून गावानं हे ठरवलं. यात मला भावलं ते हे, की बंद मोठ्यांसाठीही होतं. मी हे सांगितल्यावर ताई खूश. दाजी म्हणाले, ‘‘सातला? आयपीएल असली तरी?’’ सासूबाई म्हणाल्या, सातला त्यांची मालिका लागते. वेळ कोणती धरायची यावर तिघांची चर्चा अजून चालू आहे, भाचा मात्र साडेआठवर ठाम आहे, कारण त्या वेळी त्याला तसंही झोपायला पाठवतात.