आठ आण्यांचं कासव

परवा रविवारी इंग्लंडहून फोन आला. लेकाचाच असणार म्हणून मी सवयीनं "जेवलास का?" म्हणाले, तर पलीकडे नातू. "आजी, मला दहाव्या वाढदिवसाला कासव हवंय. बाबा म्हणतो, अर्धे पैसे तू दिलेस तर घेऊ." हे बापाचं जुनं तंत्र आहे. स्वतःला नाही म्हणवत नसलं की माझ्याकडे पाठवायचं.

मी किंमत विचारली. भूमध्य समुद्राकडच्या हर्मन जातीचं, तळहातावर मावेल एवढं पिल्लू, दीडशे पौंड. शिवाय त्याची लाकडी पेटी, ऊब देणारा एक दिवा, उन्हासारखी किरणं देणारा दुसरा दिवा, असं धरून जवळजवळ तेवढेच आणखी. पौंडांचे रुपये करायची माझी खोड काही जात नाही. आकडा तीस हजारांच्या पुढे गेला. १९७३ साली मी शाळेत लागले तेव्हा महिन्याला अडीचशे रुपये हातात पडत. म्हणजे त्या वेळचा दहा-अकरा वर्षांचा पगार एका कासवाला! हा हिशोब चुकीचा आहे हे मलाही कळतं, पण मन करतंच.

आणि मला आमचं सोलापूरच्या वाड्यातलं कासव आठवलं. १९५९ची गोष्ट, मी आठ वर्षांची. दारावर टोपली घेऊन एक माणूस आला होता. टोपलीत पाचसहा कासवं, काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या उमटलेली. वडिलांनी घासाघीस करून आठ आण्यांना एक घेतलं. आजीनं त्याच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलं, कारण कासव घरात आलं म्हणजे लक्ष्मी आली. आता लक्ष्मी पळून जाऊ नये म्हणून शेजारच्या सुतारकाकांनी गिरमिट आणलं, पाठीच्या कडेला भोक पाडलं आणि त्यातून सुतळी ओवून ते खुंटीला बांधलं. भोक पाडताना कासवानं डोकं आत ओढून घेतलं आणि 'फुस्स' असा आवाज केला. आम्ही मुलं हसलो. आम्हाला वाटलं, नखं कापतात तसंच हे. त्या कवचात हाडं असतात, संवेदना असतात, ते त्याच्या बरगड्यांचंच झालेलं असतं, हे मी पुढे कितीतरी वर्षांनी वाचलं.

ते दोन वर्षं जगलं. जास्वंदीची फुलं आवडीनं खायचं. दुसऱ्या पावसाळ्यात अंगणात ओल धरली, त्याच्या नाकातून पाणी यायला लागलं, आणि एका सकाळी ते हललं नाही. कोरड्या माळरानावरचा जीव तो. वडील म्हणाले, "आठ आण्यांत दोन वर्षं, वाईट नाही." वडील निर्दय नव्हते हो. पण आठ आण्यांच्या वस्तूसाठी माणूस जेवढं हळहळतो तेवढेच ते हळहळले.

तर मंडळी, हे वाक्य माझ्या डोक्यात घोळत राहिलं आणि मी आठवडाभर या कासवांच्या किमतींच्या मागे लागले. निवृत्त भूगोल शिक्षिकेला दुसरं काम काय! (आपल्याकडे एक अडचण आहे. जमिनीवरचं, तळ्यातलं आणि समुद्रातलं, तिघांनाही आपण 'कासव'च म्हणतो. मी इथे फक्त जमिनीवरच्यांबद्दल लिहितेय.)

इंग्लंडचंच आधी सांगते. तिथे कासवाचा शौक जुना. सेल्बोर्नच्या गिल्बर्ट व्हाइट या निसर्गवेड्या पाद्र्याकडे टिमोथी नावाचं कासव होतं. त्याच्या काकांनी ते १७४० साली चिचेस्टरला एका खलाशाकडून अर्ध्या क्राउनला, म्हणजे अडीच शिलिंगांना घेतलेलं. काकूंच्या पश्चात १७८० साली ते व्हाइटकडे आलं आणि त्याच्याहीपेक्षा जास्त जगलं. मेल्यावर कळलं की टिमोथी ही बाई होती! त्या एका कासवाची इतकी बारीक टिपणं व्हाइटनं ठेवली की लोक अजून वाचतात. अडीच शिलिंग सगळ्या अर्थांनी वसूल.

विसाव्या शतकात मात्र मोरोक्को, तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया इथून लाखोंनी कासवं टोपल्यांत एकावर एक रचून इंग्लंडला यायला लागली. काही शिलिंगांत मिळत. लेकाच्या शेजारच्या आजीबाईंकडे लहानपणी असंच एक होतं. पाठीवर रंगानं नाव लिहिलेलं. हिवाळ्यात खोक्यात पेंढा घालून त्याला शेडमध्ये झोपवलं, आणि मार्चमध्ये उघडून पाहिलं तर ते उठलंच नाही. मग वडिलांनी दुसरं आणलं. बहुतेक कासवांचं असंच व्हायचं, पहिला हिवाळाही निघत नसे. १९८४ साली युरोपीय आर्थिक समुदायानं रानातून धरून आणलेल्या या कासवांच्या व्यापारावर बंदी घातली. आयात थांबली, भाव चढले, आणि मग लोक घरीच अंडी उबवायला शिकले. आज हर्मनचं पिल्लू विकायचं तर प्रमाणपत्र लागतं. म्हणजे नातवाचे दीडशे पौंड तसे रास्तच म्हणायचे. दीडशे पौंडांचं कासव मेलं तर 'दुसरं आणू' असं सहज तोंडातून निघत नाही.

इथे माझा भाचा (सीए आहे, म्हणून प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे तोडगा असतो) म्हणाला, "मग आपल्याकडेही फार्म काढा, पिल्लं करा, विका. पुरवठा वाढला की चोरी थांबेल." ऐकायला बरं वाटतं. पण आमच्या त्या चांदण्यावाल्या कासवाचं काय झालं ते बघा. इंग्रजीत त्याला इंडियन स्टार म्हणतात. गुजरात-राजस्थान, आंध्र-कर्नाटक-तामिळनाडूचा कोरडा भाग आणि श्रीलंका हा त्याचा मुलूख. बँकॉकपासून युरोप-अमेरिकेपर्यंत ते 'फार्मवर जन्मलेलं' म्हणून वर्षानुवर्षं विकलं गेलं. आता दुकानातलं पिल्लू फार्मवरचं की सूटकेसमधून आलेलं, हे पाठीवर थोडंच लिहिलेलं असतं? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्याच देशातल्या एका भागातून वर्षाला किमान ५५,००० स्टार कासवं उचलली जातात, असं निघालं. ५५,०००! आणि झुडपांतून ती वेचून आणणाऱ्याच्या हातात त्या पैशातले फार थोडे पडतात. पोत्यापासून विमानापर्यंत प्रत्येक हात बदलताना भाव चढतो. भूगोलाच्या पुस्तकात असतं ना, मूळ ठिकाणापासून अंतर वाढलं की मालाची किंमत वाढते, ते इथे अगदी काटेकोर लागू पडतं. फक्त वाटेत किती मेली ते पुस्तकात नसतं. शेवटी २०१९ साली साइट्स कराराच्या जिनिव्हाच्या बैठकीत या कासवाला सर्वांत कडक यादीत टाकलं. आपल्याकडे २०२२च्या कायदादुरुस्तीनं ते पहिल्या अनुसूचीत गेलं, तीन ते सात वर्षांची कैद. आज आजीची लक्ष्मी घरात बांधली तर वडील आत जातील. (ताटलीतलं पितळेचं खुशाल ठेवा.)

तेव्हा भाच्याला मी म्हटलं, बाबा रे, इंग्लंडात जमलं कारण तिथे आधी बाहेरून येणारा माल बंद झाला. नुसती पिल्लं वाढवून जमलं नाही. चोरीचा माल चालू ठेवून फार्म काढलंस तर तू चोराला पावतीपुस्तक छापून देतोयस.

पण महाग म्हणजे सुरक्षित, असंही नाही. मादागास्करमध्ये बाली उपसागराच्या काठी नांगरफाळ कासव राहतं. छातीखालून पुढे नांगराच्या फाळासारखं टोक आलेलं असतं, म्हणून ते नाव. जगातलं सर्वांत दुर्मिळांपैकी एक. काळ्या बाजारात त्याला हजारो डॉलर मिळतात, आणि जितकी कासवं कमी होतात तितका भाव वाढतो. १९९६ साली तिथल्या संवर्धन केंद्रातूनच ७५ कासवं चोरीला गेली. २०१३ साली बँकॉकच्या विमानतळावर एका बॅगेत ५४ सापडली. तेव्हा रानात ती काही शेकडाच उरली होती. शेवटी ज्यांनी जन्मभर ही कासवं सांभाळली, त्याच लोकांनी त्यांच्या पाठी कोरायला घेतल्या. त्या सोनेरी घुमटावर मोठमोठी अक्षरं, आकडे. हेतू एकच, ते कुरूप दिसावं, म्हणजे शौकिनाला नकोसं होईल. कोरतात ते वरवर, जपून. तरी त्याचा फोटो बघताना मला सुतारकाकांचं गिरमिट आठवलं आणि मी पान बंद केलं.

आता एकदम उलटा प्रकार ऐका. माझी एक विद्यार्थिनी अमेरिकेत, अ‍ॅरिझोनात फिनिक्सला असते. ती म्हणाली, "बाई, इथे कासव जितकं मोठं तितकं स्वस्त." सहाराच्या कडेचं सुलकाटा जातीचं पिल्लू तिथे शंभर डॉलरच्या आसपास मिळतं, लिंबाएवढं. लोक मुलांसाठी घेतात. पंधरा वर्षांत ते चाळीस-पन्नास किलोचं होतं, कुंपण ढकलतं, घराच्या पायाजवळ बीळ खणतं. मग कोणी फुकटही घेत नाही आणि आसरा देणारी ठिकाणं भरून वाहतात. पण त्याच राज्यात वाळवंटातलं देशी कासव विकता येत नाही आणि विकत घेताही येत नाही. आधीच माणसाळलेली कासवं पुष्कळ आहेत, रोगाच्या भीतीनं ती परत रानात सोडता येत नाहीत, म्हणून राज्याचं वन्यजीव खातं ती दत्तक देतं. अट अशी, की तुमच्याकडे परसदार हवं, बंदिस्त जागा हवी, आधी बीळ बांधून दाखवा. आणि त्याला राज्याबाहेर न्यायचं नाही. पैसे कितीही असोत, बीळ नसेल तर कासव नाही.

मला ही रीत सगळ्यांत पटली. आठ आणे काय, दीडशे पौंड काय, की हजारो डॉलर काय, पैसे एकदाच द्यायचे असतात, आणि कासव पन्नास-साठ वर्षं असतं. त्या वर्षांचा हिशोब दुकानदार विचारत नाही. बीळ आधी मागणारा विचारतो.

या रविवारी मी नातवाला आमच्या कासवाची गोष्ट सांगितली. भोकासकट. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्याला दुखलं का गं?"

"दुखलं," मी म्हटलं.

मग त्याला सांगितलं, माझे अर्धे पैसे बाजूला काढून ठेवलेत. पण आधी मला एक पत्र लिही, मराठीत. डिसेंबरात तुम्ही इकडे येता तेव्हा ते कोण सांभाळेल? तू कॉलेजला दुसऱ्या गावी गेलास की कुठे राहील? तू साठीचा झालास की ते पन्नाशीचं असेल, तेव्हा पुढे कोणाला देशील? उत्तरं चुकली तरी चालतील, पण कोरी जागा सोडायची नाही.

पत्र अजून आलेलं नाही. लेकाचा मात्र मेसेज आलाय, "आई, तू नुसतं नाही म्हणायचं होतंस."