बिनपरवान्याचा वऱ्हाडी

दिवाळीचा फराळ संपत आला, की तुळशीची लग्ने लागतात आणि त्यामागोमाग माणसांच्या लग्नांची घाई सुरू होते. म्हणून हे चार कडू शब्द मी मुद्दाम ह्याच अंकात लिहीत आहे. वाचकांनी चकली खाता खाता ते वाचले तरी चालतील.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुतणीच्या लग्नात अंतरपाट दूर होताच किलोभर वजनाचे एक ड्रोन भुंग्यासारखे गुणगुणत खाली उतरले. त्याच्या वाऱ्याने अक्षता भटजींच्या डोळ्यांत गेल्या. लोक हसले. पुढच्याच क्षणी त्याचे पाते झेंडूच्या माळेत अडकले आणि ते पहिल्या रांगेतील आठ वर्षांच्या एका मुलीवर कोसळले. भुवईला तीन टाके पडले. बोटभर खाली लागते, तर डोळाच जाता. मी त्या उडवणाऱ्या तरुणाला विचारले, "तुमच्यापाशी प्रमाणपत्र आहे का?" तो म्हणाला, "काका, ते कोण विचारतं?"

मला संताप आला. पण त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याला विसार मीच दिला होता. आचाऱ्याकडे तुपाची तीनदा चौकशी करणाऱ्या मला ह्या गृहस्थाला एकही प्रश्न विचारण्याचे सुचले नव्हते!

आमचे एक स्नेही म्हणतात, "अहो, कायदाच एवढा किचकट, तिथे त्या बिचाऱ्याने करावे तरी काय?" हे रडगाणे एके काळी खरे होते. २०१४ साली नागरी ड्रोनांवर सरसकट बंदी आली. डिसेंबर २०१८ मध्ये दार किलकिले झाले. मार्च २०२१ च्या नियमांत तर २५ अर्ज होते. त्यांची थट्टा मीही आनंदाने केली असती. परंतु त्याच वर्षी २५ ऑगस्टला नवे नियम निघाले. अर्ज ५ उरले आणि शुल्काचे ७२ प्रकार होते ते ४ वर आले. आता पाव किलोपर्यंतच्या ड्रोनाला वैमानिकाचे प्रमाणपत्र लागतच नाही. दोन किलोपर्यंतचे केवळ हौसेखातर उडवले, तर तेही माफ. पण पैसे घेऊन लग्नाचे चित्रण करणे ही हौस नव्हे, धंदा आहे. त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण, मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण, एवढेच हवे. प्रमाणपत्राचे शुल्क १०० रुपये, आणि ते १० वर्षे चालते. प्रशिक्षणाला पुष्कळ हजार रुपये मोजावे लागतात, हे मला मान्य आहे. मात्र यंत्राचा सारा खर्च जो आपल्या बिलांतून वसूल करतो, त्याला हाच एक खर्च जड का वाटावा?

पाव किलोहून जड यंत्राला मोटारीप्रमाणे त्रयस्थाचा विमाही लागतो. त्या मुलीच्या टाक्यांचे पैसे माझ्या भावाने भरले. नियमभंगाला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण भर मांडवात पोलीस बोलावणारा यजमान मी पाहिलेला नाही. मी तरी कुठे बोलावले?

आणि जागेचे काय? हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत उडवण्यास परवानगी लागत नाही. परंतु चालू विमानतळाच्या कुंपणापासून आठ किलोमीटरांच्या आतले कार्यालय हिरव्या पट्ट्यात येत नाही. पुण्यातल्या यजमानांनी लोहगावच्या विमानतळापासूनचे आपले अंतर एकदा मोजून पाहावे.

मार्गशीर्षात माझ्या मुलीचे लग्न आहे. मी तिघा छायाचित्रकारांकडे प्रमाणपत्र आणि विम्याचा कागद मागितला. दोघांनी पुन्हा फोनच केला नाही. तिसऱ्याने दोन्ही कागद पुढे ठेवले, कार्यालयाचा पत्ता पाहिला आणि म्हणाला, "काका, हे विमानतळाच्या फार जवळ आहे. परवानगी मिळाल्याशिवाय इथे मी उडवणार नाही." विसार त्यालाच दिला. सौभाग्यवती दोन दिवस अबोल होत्या. आता वरून घ्यायचे चित्र कार्यालयाच्या माडीवरून घ्यावयाचे ठरले आहे.