स्पीकर बघायचा की ऐकायचा?

पर्फ्युमच्या दुकानात चौथ्या पट्टीनंतर नाक संपावर जातं. हाय-फाय ऑडिओच्या शोमध्ये कानाचं नेमकं तेच होतं. फरक एवढाच, की इथे एका जोडीची किंमत एक कोटीच्या वरही जाऊ शकते. टॅग वाचताना आधी शून्यं मोजायची, मग हळूच खुर्चीत बसायचं!

या जगाची पंढरी म्हणजे ‘हाय एंड’ शो. २००४ पासून २०२५ पर्यंत, कोविडची दोन वर्षं सोडली तर, तो म्यूनिकला भरायचा. २०२६ साठी मुक्काम व्हिएन्नाला हलवायचं ठरलं. मी गेले ती २०२४ च्या मे महिन्यात. खाली हॉलमध्ये प्लायवूडच्या केबिन, वर काचेच्या भिंतींच्या खोल्या, आणि प्रत्येक खोलीत मधल्या खुर्चीवर डोळे मिटून मान डोलावणारे काका. गाणीही ठरलेली. डायना क्रॉलचा आवाज, नाहीतर ईगल्सच्या १९९४ च्या लाइव्ह ‘हॉटेल कॅलिफोर्निया’तला तो ढोल. ही रेकॉर्डिंग्ज इतकी देखणी आहेत, की साध्या स्पीकरवरही ती बरी वाजतात. मग ऐकणाऱ्याला कळायचं काय, कपाळ?

म्हणून मी पेन ड्राइव्हवर माझं स्वतःचं गाणं नेलं होतं. गाणं कसलं, मावशीचा मिरजेचा तंबोरा! चार मिनिटं, तिच्या पुण्याच्या घरी मीच रेकॉर्ड केलेला. मध्येच मावशी म्हणते, ‘पंचम जरा चढव गं,’ आणि मग षड्ज लावते. बस्स. ना तबला, ना तान.

तंबोराच का? तर घोडी आणि तार यांच्यामध्ये जवारीचा दोरा सरकवला, की तार घोडीला निसटती घासते आणि एका स्वरातून ढीगभर वरचे स्वर फुटतात. बायकांच्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण १०० हर्ट्‌झचा, तर ती चमक काही हजार हर्ट्‌झपर्यंत जाते. बहुतेक स्पीकरमध्ये खालचं काम वूफरकडे आणि वरचं ट्वीटरकडे असतं. दोघांची शिवण नीट नसेल तर तंबोरा उसवतो. खाली नुसतं ‘घूं’ आणि वर डास! शिवाय खरा तंबोरा कसा वाजतो हे मला लहानपणापासून पाठ आहे. डायना क्रॉल काही माझ्या शेजारी बसून गायलेली नाही.

आता निकाल.

बर्लिनच्या एमबीएल कंपनीचा ‘१०१’ हा दिसायला चक्क आकाशकंदील. पाकळ्या थरथरतात आणि आवाज चारही दिशांना जातो. इथे तंबोरा खोलीभर पसरला, अगदी मावशीच्या घरी पसरतो तसा. मी उठून कोपऱ्यात जाऊन उभी राहिले, तरी सूर तुटला नाही. सॉलिड! पण मावशी नेमकी कुठे बसली आहे ते काही सापडेना.

पुढच्या खोलीत हॉर्न. जुन्या ग्रामोफोनचा कर्णा माणसाएवढा वाढला तर कसा दिसेल, तसे. हे थोडक्या वॅटमध्येही दणक्यात वाजतात. तार छेडल्याचा तो पहिला क्षण इतका लख्ख मी दुसरीकडे कुठेच ऐकला नाही. मावशी मात्र षड्ज लावत नव्हती, गच्चीवरून हाक मारत होती.

तिसऱ्या खोलीत माझ्याहून उंच, चकचकीत धातूचे मनोरे. कंपनीचं नाव राहू द्या. तिथल्या साहेबांनी माझा पेन ड्राइव्ह दोन बोटांत धरून पाहिला, वीस सेकंद वाजवला आणि व्हॉल्यूम वाढवून स्वतःचा जॅझ लावला. बेस पोटात घुमला, सगळे खूष! खरं तर हा जुना फंडा आहे. आवाज कमी असला की आपल्या कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं. म्हणजे किंचित मोठ्याने वाजणारा स्पीकर नेहमीच ‘भारी’ वाटणार. वर खोलीचा वाटा वेगळाच. ४० हर्ट्‌झच्या एका लहरीची लांबी साडेआठ मीटर असते. छोट्या खोलीत ती भिंतींवर आपटून एका खुर्चीवर फुगते आणि शेजारच्या खुर्चीवर गायब होते.

आणि शेवटी, जवळजवळ चुकवून पुढे जाणार होते अशा टेबलावर, फूटभर उंचीचा लाकडी ठोकळा. एलएस थ्री फाइव्ह ए. बीबीसीने १९७० च्या दशकात आपल्या बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी हे डिझाइन केलं. गाडीच्या चिंचोळ्या जागेत बसून निवेदकाचा आवाज पारखता यावा, एवढंच त्याचं काम. खोल बेस औषधालाही नाही. पण ‘पंचम जरा चढव गं’ हे वाक्य आलं आणि मी सरळ बसले. मावशीला त्या दिवशी सर्दी झाली होती, हे मला म्यूनिकमध्ये कळलं!

मग कोट्यवधींच्या मनोऱ्यांपुढे लोक माना का डोलावतात? कारण आपण डोळ्यांनीही ऐकतो. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हरमन कंपनीतल्या ४० जणांना तेच स्पीकर दोनदा ऐकवले. एकदा समोर ठेवून, एकदा पडद्याआड. दिसत होते तेव्हा मोठ्या, महागड्या स्पीकरना चांगले मार्क पडले आणि छोट्या, प्लॅस्टिकच्या सेटचे घसरले. पडदा ओढल्यावर ही तफावत बरीचशी विरली. यात अनुभवी कानांचीही सुटका झाली नाही.

याचा अर्थ महाग ते सगळं बोगस, असा नाही हं. तो आकाशकंदील मला आजही आठवतो. पण पहिल्या बोनसमधून किंवा ईएमआयवर स्पीकर घेणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांनी दुकानात तीन गोष्टी मागाव्यात. एक, दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करून द्या. हल्ली फोनवर डेसिबल मोजता येतं, तेवढं पुरतं. दोन, खुर्ची बदलून ऐकू द्या. तीन, माझं रेकॉर्डिंग लावा. ‘ते सिस्टिमला सूट होणार नाही’ असं उत्तर आलं, तर थँक्यू म्हणून बाहेर पडा. घरी आणल्यावर स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढून बघा. त्याला एक पैसा पडत नाही.

आणि घरात तंबोरा नसला तरी काही अडत नाही. ओळखीचा आवाज तर आहे! शनिवारी शोरूममध्ये जाणार असाल, तर आज रात्री पंखा बंद करून आईला दोन मिनिटं बोलतं करा आणि फोन जवळ धरा. ती भाजीच्या भावाबद्दल बोलली तरी चालेल.