थोर वादक कोण हे नंतर ठरवू. आधी सांगा, ढोल कुणाच्या हुकमाने वाजतो?

लॅटिन तालवाद्यांचा सर्वांत थोर वादक कोण, यावर सध्या आमच्या बुटीबोरीच्या पोरांमध्ये जोरात वाद चालू आहे. हसू नका. एमआयडीसीत पाळी करून रात्री भीमगीतांच्या पार्टीत वाजवणारी ही पोरं आहेत. ढोलकीच्या बाजूला कोंगो-बोंगो असतोच, मग त्या वाद्यातला बाप माणूस कोण, हा प्रश्न पडणारच.

एक गट टिटो पुएंतेचा. १९२३ साली न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिकोच्या कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने मागच्या रांगेतला टिंबालेस मंचाच्या पुढे आणला. त्याचं ‘ओये कोमो वा’ सांतानाने १९७० मध्ये जगभर नेलं. दुसरा गट हवानाच्या मोंगो सांतामारियाचा. त्याचं ‘अफ्रो ब्लू’ जॉन कोल्ट्रेनसारख्या दिग्गजाने उचललं. तिसरा गट जिओव्हानी हिडाल्गोचा. ‘प्लॅनेट ड्रम’ या १९९१ च्या अल्बममध्ये तो झाकीर हुसेन यांच्यासोबत वाजला.

माझं मत विचाराल तर चानो पोझो. हवानाच्या गरीब वस्तीतला काळा माणूस. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला आला, डिझी गिलेस्पीच्या बँडमध्ये कोंगा घेऊन बसला आणि जॅझचा तालच बदलून टाकला. १९४८ च्या डिसेंबरात हार्लेममध्ये त्याचा गोळी घालून खून झाला. वय अवघं ३३.

पण भावांनो, या यादीत एक प्रश्न कुणीच विचारत नाही. या वाद्यांना ‘लॅटिन’ का म्हणतात? कोंगाचं मूळ आफ्रिकेत आहे. बेड्या घालून क्युबाच्या ऊसमळ्यांत आणलेल्या माणसांनी ते तिथे रुजवलं. क्युबात गुलामगिरी संपली १८८६ मध्ये, आणि त्यानंतरही तिथल्या सत्तेने आफ्रिकन ढोलांवर बंदी घातली. लोकांनी मग लाकडी खोक्यांवर रुंबा वाजवला. उत्तर अमेरिकेत १७३९ साली स्टोनो येथे गुलामांनी ढोल वाजवत बंड केलं; दुसऱ्याच वर्षी साऊथ कॅरोलिनाने कायदा करून गुलामांच्या हातातले ढोल काढून घेतले. ‘लॅटिन’ हा शब्द हा सगळा इतिहास गिळतो. आपल्याकडे ‘लोककला’ हा शब्द तेच काम करतो. हलगी, डफडं, संबळ यांना लोककला म्हटलं की वाजवणाऱ्याची जात सांगावी लागत नाही आणि वाजवायला लावणाऱ्याची तर मुळीच नाही.

फरक मात्र नीट समजून घ्या. तिकडे मालकाने गुलामाचा ढोल हिसकावला. इकडे गावाने तो आपल्या गळ्यात अडकवला. लग्न पाटलाचं, पोळा गावाचा, जत्रा देवीची. डफडं आपलं आणि पंगत शेवटची, तीही बाहेर. म्हणून तिकडे ढोल वाजवणं हे बंड होतं आणि इकडे डफडं खाली ठेवणं हे बंड होतं. महाडनंतर आणि विशेषतः १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या आज्यांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तसं हुकमाचं डफडंही सोडलं. गावोगाव त्यांनी बहिष्कार सोसला. दीक्षाभूमीपासून तीसेक किलोमीटरवर राहणाऱ्या पोरांना पुएंतेचं जन्मसाल पाठ असावं आणि हे माहीत नसावं, ही लाजेची गोष्ट आहे.

कुणी म्हणेल, कलेत जात आणू नका. जात आणायची गरजच नाही, ती चामड्यातच आहे. टी. एम. कृष्णा यांनी मृदंग बनवणाऱ्या कारागिरांवर पुस्तक लिहिलं. त्यातले अनेक कारागीर दलित ख्रिश्चन. २०२० मध्ये त्याच्या प्रकाशनासाठी दिलेलं सभागृह चेन्नईच्या कलाक्षेत्राने ऐन वेळी नाकारलं. वादकाला पद्म पुरस्कार मिळतो. गाईचं कातडं ताणणाऱ्या हाताचा नुसता उल्लेखही खपत नाही.

आता कडू बोलतो. आपण डफडं ठेवलं, पण ते नाहीसं झालं नाही. विदर्भात कितीतरी ठिकाणी ते आजही मातंग बांधवांच्या गळ्यात आहे. मग १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपली पोरं त्यांना कशी वागवतात? ‘ए डफडेवाल्या, जोरात वाजव’ हा आवाज पाटलाचाच आहे, फक्त झेंडा निळा आहे. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता समजावून सांगितली ती याचसाठी. प्रत्येकाला खाली बघायला कुणीतरी मिळतं, म्हणून ही उतरंड टिकते. आण्णाभाऊंचा फोटो बॅनरवर आणि आण्णाभाऊंच्या समाजाचा माणूस उन्हात, पाण्याविना. हा कुठला आंबेडकरवाद?

आणि यावर डीजे हे उत्तर नाही. डीजेने जात मोडत नाही, फक्त वादकाचा रोजगार मोडतो. उत्तर आपल्याच चळवळीत आहे. भीमराव कर्डकांनी जलशात वाद्य घेतलं ते पाटलाच्या हुकमाने नव्हे, समाज जागा करायला. तमिळनाडूत परई हे ‘अशुभ’ ठरवलेलं वाद्य आज तरुण मुलं-मुली अभिमानाने शिकतात, पा. रंजित यांच्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ने २०१८ पासून ते मोठ्या मंचावर नेलं. तेच वाद्य, पण हुकूम गेला.

म्हणून बुटीबोरीच्या जयंती मंडळांकडे साध्या मागण्या आहेत. वादकाचं मानधन आधी ठरवा आणि त्याच दिवशी द्या. त्याला आपल्या पंगतीत, आपल्या शेजारी बसवा. पत्रिकेवर देणगीदाराच्या नावाआधी वादकाचं पूर्ण नाव छापा. आणि ज्या पोरांना कोंगो येतो, त्यांनी मातंग वस्तीत जाऊन, गुरू मानून, डफडं शिकावं. मुलींनीही.

पुएंते मोठा की पोझो, यावर खुशाल भांडा. पण माझ्या लेखी सर्वांत थोर वादक तो, ज्याने हुकूम आल्यावर टिपरी खाली ठेवली आणि मन झालं तेव्हाच उचलली. त्याचं नाव कुठल्याही अल्बमवर नाही. आपापल्या घरात विचारा, बहुतेक तुमच्या आज्याचंच निघेल.

जय भीम! जय लहुजी!