अहवाल जाड झाला, निर्णय सोपा झाला का?

प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला की ऑपरेशन आलेच, असे आपल्याकडे सर्रास गृहीत धरले जाते. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट अभ्यासाने या समजुतीला चांगलाच धक्का दिला. ग्रंथीपुरताच मर्यादित कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांपैकी काहींवर नुसती देखरेख ठेवली, काहींचे ऑपरेशन केले, तर काहींना रेडिएशन दिले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पंधरा वर्षांनंतर तिन्ही गटांत या कॅन्सरने झालेले मृत्यू जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास होते. तरीही काही गाठी हाडांपर्यंत पोहोचतात आणि जीव घेतात. कोणती गाठ कशी वागेल, याचा अंदाज आजही मुख्यतः पेशींची रचना पाहून दिलेल्या ग्लीसन स्कोअरवर बांधला जातो. पण हा स्कोअर दोन अंकांची बेरीज असतो; ३+४ आणि ४+३ या दोन्हींची बेरीज सातच, आणि दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा घातक. खरी कोंडी होते ती या मधल्या पट्ट्यात.

तिथे ऊतीतली प्रथिने मदतीला येऊ शकतात. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेला असतो. त्याचा पातळ काप घेऊन प्रथिनाला चिकटणारे रंजक वापरले की शेजारच्या निरोगी ग्रंथी तपकिरी दिसतात आणि ज्या गाठीतले पीटेन हे पेशींची वाढ आवरणारे प्रथिन नाहीसे झाले आहे, ती फिकी राहते. केआय-६७ हे प्रथिन किती पेशी विभाजनाच्या वाटेवर आहेत ते सांगते. पीटेन नाहीसे होणे आणि केआय-६७ वाढणे, या दोन्हींचा वाईट परिणामांशी संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. पण संबंध आढळला म्हणून चाचणी सर्वांना लिहून द्यावी, हे पटत नाही. उत्तराने उपचार बदलणार असतील, तरच ती करावी. अगदी सौम्य, छोट्या गाठीवर देखरेखच ठेवायची असते; आजार हाडांत पसरला असेल तर हार्मोन रोखणारे औषध केआय-६७ साठी थांबत नाही.

‘जास्त माहितीने बिघडते काय?’ असे कोणी म्हणेल. बिघडते. सुई गाठीतले काही धागेच उचलते आणि प्रोस्टेटमध्ये अनेकदा वेगवेगळ्या स्वभावाच्या गाठी एकत्र नांदतात. त्यामुळे चांगला निकाल खोटा धीर देऊ शकतो. केआय-६७ किती टक्क्यांपुढे धोक्याचे मानावे, यावर सर्व लॅबचे एकमत नाही. घाबरून केलेल्या ऑपरेशनची किंमत लघवीवरचा ताबा जाण्यात आणि लैंगिक दुर्बलतेत मोजावी लागू शकते. मग ही प्रथिने टाकाऊ समजायची का? मुळीच नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर आणि हर-२ ही प्रथिने तपासल्याशिवाय उपचार ठरत नाहीत. कारण त्यांवर औषधाची निवड अवलंबून असते आणि ती मोजण्याची पद्धतही ठरलेली आहे. प्रोस्टेटच्या प्रथिनांनीही हीच परीक्षा द्यायला हवी. तोवर रुग्णाने डॉक्टरांना सरळ विचारावे: निकाल काहीही आला तरी उपचार तेच राहणार का? उत्तर ‘हो’ असेल, तर तो पैसा प्रोस्टेटमधल्या जाणकार पॅथॉलॉजिस्टकडून स्लाइड पुन्हा वाचून घेण्यावर खर्च करावा.