फॉरमॅट मारू का?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय घरगुती आहे, पण घरचे वाचतातच, आणि ब्लॉगवाल्या मित्रमंडळींपैकीही कुणाला उपयोग होईल.

मागच्या महिन्यात अंबडहून भाच्याचा फोन. "मामा, कॉम्प्युटर चालूच होईना. काळ्या स्क्रीनवर 'ग्रब रेस्क्यू' का काय येऊन थांबतंय. दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारावं लागंल. मारू देऊ का?"

मी जवळजवळ ओरडलोच. "हात लावू देऊ नको. मशीन बंद कर आणि घरी घेऊन ये."

त्या मशीनवर विंडोज आणि उबुंटू अशा दोन्ही सिस्टिम. उबुंटू मीच टाकलेलं. आणि त्याच भागात आईच्या ओव्या आहेत, २०११ च्या दिवाळीत मोबाईलवर रेकॉर्ड केलेल्या, मध्येच कुकरच्या शिट्ट्या... आई आता नाही. दुसरी कॉपी? आज करू, उद्या करू. कॉम्प्युटरवाला मामा म्हणून मिरवणाऱ्याची ही तऱ्हा!

झालं होतं असं. विंडोजमध्ये जागा कमी पडते म्हणून भाच्याने एक बिननावाचा भाग डिलीट केला. त्याचाही काय दोष? लिनक्सचा भाग विंडोजला आपणहून वाचता येत नाही, त्यामुळे तो रिकामाच वाटतो. कधीकधी तर विंडोज स्वतःच विचारतं, फॉरमॅट करू का म्हणून.

जुन्या पद्धतीच्या डिस्कच्या अगदी सुरुवातीला ५१२ बाइटची एक पट्टी असते. त्यातले ६४ बाइट म्हणजे डिस्कचा सातबारा: चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइटची. भाच्याने उडवली ती त्यातली एक नोंद. कोणती सिस्टिम हवी ते विचारणारा ग्रब सुरू झाला, पण त्याचा उरलेला संसार लिनक्सच्या भागात होता. तो सापडेना, म्हणून बिचारा थांबला. सातबाऱ्यावरची नोंद उडाली म्हणून शेत कुठे जातं? फॉरमॅट करून वर नवीन विंडोज टाकणं म्हणजे मात्र त्या उभ्या पिकावर नांगर फिरवणं.

शनिवारी अंबडला गेलो. पेनड्राइव्हवरून उबुंटू चालू केलं आणि टेस्टडिस्क नावाचं फुकट सॉफ्टवेअर लावलं. ते डिस्क चाळून जुन्या हद्दी शोधतं. नोंद परत लिहिण्याआधी आतल्या फाइल्स बघता येतात, बाहेर काढताही येतात. आधी ओव्या काढल्या, मगच नोंद लिहिली. रीस्टार्ट केल्यावर मेनू हजर. भागाचा क्रमांक बदलला असता तर ग्रब पुन्हा बसवावं लागलं असतं, ती वेळ आली नाही.

दुकानदारावर माझा राग नाही. चार-पाचशे रुपयांत तो पोरगा अख्खी दुपार घालवणार कशी? पण आत काय आहे, एवढं तरी विचारावं. आपल्याकडे 'चालू होत नाही' आणि 'गेलं' हे एकच समजतात, माझं भांडण त्याच्याशी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका अपडेटनंतर जगभर दोन सिस्टिमच्या कित्येक मशीनवर लिनक्स सुरू होईना. पक्की दुरुस्ती यायला मे २०२५ उजाडला. पण तिथेही फाइल्सना धक्का नव्हता, सिक्युअर बूट तात्पुरतं बंद केलं की लिनक्स चालू होत होतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. जुन्या मशीनवर आता बरेच जण शेजारी लिनक्स टाकून बघतील, म्हणजे असे फोन वाढणार. नातेवाईकांनो, फोन जरूर करा, पण दुकानात जायच्या आधी :)

असो. ओव्या आता तीन ठिकाणी आहेत. ताईच्या मोबाईलवरही पाठवल्या. तिने अजून ऐकल्या नाहीत. दिवाळीला सगळे जमलो की ऐकू म्हणते.